पगार विभागातली एक व्यक्ती

कंपनीत सगळे तिला कात्री म्हणत. तोंडावर ‘मॅडम’, आणि फोन ठेवला रे ठेवला की ‘कात्रीशी बोललास का?’ तिला हे ठाऊक होतं आणि तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. जिच्या हातून पगार कापले जातात तिला लोक काय डोक्यावर घेऊन नाचणार आहेत?

कंपनीचं काम वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकण्याचं. मशीन बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे. बिघडल्यावर गिऱ्हाइकाच्या शिव्या खाणारे हे. शेकडो माणसं आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून बसलेली असत, आणि त्यांच्यासाठी कंपनीचा एक पक्का नियम होता. शहरात राहाल तर शहरी दर, लहान गावात राहायला गेलात तर गावचा दर. काम तेच, वेळ तीच, शिव्याही त्याच. पगार मात्र जवळजवळ निम्मा. का, तर म्हणे गावात भाडं कमी, खर्च कमी. आता औषधं, मोबाइलचं रिचार्ज आणि शाळेची फी गावाकडे कोण स्वस्तात वाटतं, हे नियम करणाऱ्यांना विचारायला कुणी गेलं नाही. गेलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं, ते सोडा.

कुणी पत्ता बदलला की त्याचा अर्ज कात्रीकडे यायचा. ती भाड्याची पावती बघायची, विजेचं बिल बघायची, नवा पत्ता भरायची, दर बदलायची, की झालं! पगार विभाग म्हणजे ती एकटी. पूर्वी तिथे आणखी माणसं होती. मग सगळं संगणकावर गेलं, बाकीच्यांना नारळ मिळाला आणि ही उरली. पण विभागाकडून जाणाऱ्या पत्रांखाली अजूनही कुणाचं नाव नसायचं, नुसतं ‘पगार विभाग’. लांब बसलेल्या लोकांना वाटायचं, तिकडे मोठा हॉल असेल, ओळीनं टेबलं असतील, चहा फिरत असेल. बहुतेकांनी ऑफिसची पायरीसुद्धा पाहिलेली नव्हती. कात्रीनं कुणाचा गैरसमज दूर केला नाही. तिला ते सोयीचंच होतं.

कारण लोकांचे पत्ते तपासणारी ही बाई स्वतः शहरात राहत नव्हती.

वर्ष होत आलं होतं. तिच्या बाबांनी गावातल्या कारखान्यात कापूस पिंजण्याच्या खात्यात हयात घालवली होती, आणि त्या धुळीनं त्यांची छाती पोखरून टाकली होती. आई कधीच गेलेली. डॉक्टर म्हणाले, घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल, आणि ह्यांना एकटं ठेवून चालणार नाही. ती बॅगा भरून थेट गावी आली. पत्ता-बदलाचा अर्ज तिनं उघडला होता, अगदी खरं सांगायचं तर स्वतःचं नावही भरलं होतं. मग गावचा दर किती पडतो ते पाहिलं. मशीनचं भाडं, औषधं, बाबांपाशी बसणारी बाई... काही केल्या मेळ बसेना. तिनं अर्ज मिटवून टाकला. तपासणारी तीच, विचारणार कोण?

शहरातल्या खोलीत मैत्रीण राहिली, विजेचं बिल हिच्याच नावावर येत राहिलं. तिथला पिवळा पडदा मात्र ती सोबत घेऊन आली. माडीवरच्या अडगळीच्या खोलीत जुन्या गाद्यांचा ढीग होता. त्याच्यापुढे दोरी बांधून पडदा टांगला आणि त्यासमोर खुर्ची टाकली. कॉलवर सगळ्यांना तोच जुना पिवळा पडदा दिसायचा. सकाळी उठल्याउठल्या ती शहरातलं हवामान बघायची, म्हणजे ‘काय उकडतंय बाई!’ हे बरोबर त्या दिवशी म्हणता येईल. इथे स्वेटर घालून बसलेली असली तरी कॅमेरा लावण्याआधी तो उतरवायचा. अधूनमधून ऑफिसात तोंड दाखवायला लागायचं, त्या दिवशी पहाटेची बस. मोठ्या मॅडम तिच्या साहेब, त्या म्हणायच्या, “अगं, किती दमलेली दिसतेस! हे ट्रॅफिक एक दिवस जीव घेणार आपला.” ही मान डोलवायची. खोटं बोलायला हिला जमत नव्हतं, पण मान डोलवायला छान जमायचं.

सगळ्यात मोठी धास्ती भोंग्याची. कारखान्याची पाळी बदलली की भोंगा व्हायचा, आणि व्हायचा म्हणजे कसा, मांडणीवरची भांडी हलायची. त्या वेळांना ती कॉलच घेत नसे. बाबा खालून हाक मारून आठवण द्यायचे, “पोरी, भोंगा व्हायचाय गं!” त्यांना वाटायचं, पोरीच्या कामात व्यत्यय नको. तिचा पगार शहरातल्या पत्त्यावर चालतो हे त्यांना माहीतच नव्हतं. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला ते धापा टाकत सांगायचे, “आमची पोर इथे बसून शहराचा पगार घेते. तेवढी हुशारच आहे ती.” हे कानावर आलं की ती माडीचं दार लावून घ्यायची.

तर त्या दिवशी सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, “आजपासून पाळीची वेळ बदललीय बरं का. भोंगा लवकर होणार.”

“हं,” ती म्हणाली. डोळे मोबाइलवर, शहरात ऊन आहे का ढग ते बघण्यात. ऐकलंच नाही हो तिनं! 

आणि दुपारी फोन आला तो तक्रारवाल्याचा.

हा माणूस तक्रारी ऐकणाऱ्यांतला जुना, शांत आवाजाचा. बायकोच्या बाळंतपणासाठी शहर सोडून आपल्या गावी आला, आणि भाबडा असा की दुसऱ्याच दिवशी स्वतःहून पत्ता कळवून मोकळा झाला. पगार कापला तो अर्थात कात्रीनं. त्याचा अर्ज उघडला तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण त्याचं गाव म्हणजे हेच गाव. तो राहायला कारखान्याच्या भिंतीला लागून, ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हापासून ती त्याचे फोन चुकवत होती. त्या दिवशी तो दुसऱ्याच नंबरावरून आला, आणि तिनं उचलला.

“मॅडम, शहरी दर परत मिळावा म्हणून केलेले माझे दोन अर्ज फेटाळलेत, आता तिसरा केलाय. मला एवढंच समजावून सांगा. खुर्ची तीच, कान तेच. गावात आलो म्हणून गिऱ्हाईक कमी शिव्या देतं असं नाही ना?”

“नियम सगळ्यांना सारखाच आहे,” ती म्हणाली. हे वाक्य ती झोपेतसुद्धा म्हणू शकली असती.

“शहरात बसून तुम्हाला नाही कळायचं ते, मॅडम. राग मानू नका, पण...”

आणि भोंगा झाला. आधी तिच्या हेडफोनमधून आला, त्याच्या घरातला. तिच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत तो खिडकीतूनही आला. म्यूटचं बटण समोर होतं. पण बोट नको तिथे पडलं, पुन्हा नको तिथे पडलं. शेवटी सापडलं तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिनं घसा खाकरला, म्यूट काढलं आणि म्हणाली, “तुमच्याकडे फारच आवाज आहे.”

“हो मॅडम,” तो हळूच म्हणाला. “पण आमच्याकडचा थांबला तरी तुमच्याकडे चालूच होता.”

“आवाज घुमला असेल लाइनमध्ये.”

“असेल. बरं मॅडम.”

तिनं फोन ठेवला. जो माणूस दिवसभर लोकांच्या घरातल्या मशीनची घरघर ऐकून सांगतो की पट्टा सैल झालाय का मोटर गेलीय, त्याला हिनं सांगितलं लाइनमध्ये आवाज घुमला. वा रे वा! स्वतःचीच तिला चीड आली.

पुढचे दिवस कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. मोठ्या मॅडमचा साधा मेल आला तरी उघडायच्या आधी पाणी प्यायची. त्यानं कळवलं तर? पगार निम्मा, वर लबाडीचा ठपका, कदाचित नोकरीच जाईल. आणि खाली ते मशीन घुर्र घुर्र करत होतं, त्याच्या नळीला बाबा लटकलेले. नळी म्हणजे नळी नव्हती ती, तिचा पगारच बाबांच्या नाकात जात होता. तिनं रस्त्यावर जाणं बंद केलं, भाजीसुद्धा बाबांपाशी बसणाऱ्या बाईकडून मागवायची. बाबा म्हणायचे, “काय गं, बरं नाही का? चेहरा बघ जरा.”

पण मशीनची नळी कडक होऊन चिरली, आणि ती आणायला बाईला सांगून भागेना, कारण मापाची भानगड. ओढणी तोंडावर घेऊन ती औषधाच्या दुकानात गेली. नळीचं माप सांगितलं, लांबी सांगितली. तेवढंच बोलली हो! तोंडावर ओढणी घेतली होती, पण आवाजावर काय घेणार?

“मॅडम?” मागून आवाज आला.

वळून बघण्याआधीच तिला कळलं. बारीकसा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, खांद्यावर तान्ह्या मुलाला टाकलेला माणूस. त्याचा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता, त्यानं तिचा पाहिला नव्हता. पण दुकानदार नळी बांधून देईपर्यंत दोघं एकमेकांकडे असे बघत राहिले की शेवटी दुकानदारच म्हणाला, “तुम्ही दोघं ओळखीचे दिसता.”

दुकानाबाहेर बाक होता. तिथे बसल्यावर तीच आधी बोलून मोकळी झाली. मनाशी तिनं सगळं घोटून ठेवलेलं होतं. “हे बघा. वर्ष झालं, मी इथूनच काम करतेय, शहरातल्या पत्त्यावर. तुमचाही शहरातला पत्ता मी लावून देते. कागद मी बघते, मीच मंजूर करते. उद्यापासून शहरी दर. फक्त माझं कुठे बोलू नका.”

तक्रारवाला बाळाला थोपटत राहिला. मग म्हणाला, “मी मागितलं का हे तुमच्याकडे?”

“मग काय हवंय?”

“भोंग्याच्या दिवशी असा संताप आला होता मला, काही विचारू नका! म्हटलं, बाई आपला पगार कापते आणि स्वतः इथेच... पण मग मी विचार केला. वर्षभर तुम्ही इथून काम करता. कुणाला फरक कळला? कुणालाच नाही. म्हणजे गावात बसून काम कमी होत नाही, हे तर तुम्हीच सिद्ध केलंत ना, मॅडम! मला चोरून नकोय काही. राजरोस हवंय. आम्ही पंचवीस-तीस जण मिळून मोठ्या मॅडमना अर्ज देणार आहोत.”

“मी त्यात येता कामा नये. हात जोडते. घरी वडील आहेत माझे, मशीनवर आहेत.” आणि नळीचं पुडकं तिनं त्याला दाखवलं, जणू त्याचा विश्वास बसणार नव्हता.

त्याचे डोळे भरून आले. मनाचा चांगला होता हो तो, तिथेच तर सगळा घोळ झाला. “ह्या पोराची शपथ घेतो. तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. आणि निघणार तरी कशाला? तुम्ही निश्चिंत राहा.”

घरी जाताना तिला किती दिवसांनी मोकळा श्वास आला. त्या संध्याकाळी ती बाबांशी पत्ते खेळली, आणि बाबा लबाडी करून जिंकले तेव्हा मोठ्यानं हसली. माणूस किती लवकर निर्धास्त होतो बघा. भाजी आणायला ती पुन्हा स्वतः जायला लागली.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाज असा फुललेला की जणू बढती मिळाली.

“मॅडम, दिला अर्ज! सगळ्यांच्या सह्या मिळाल्या. शेवटचा परिच्छेद मी स्वतः लिहिलाय, ऐका. ‘लहान गावात राहून काम खालावतं हे खरं नाही. आपल्याच पगार विभागातली एक व्यक्ती वर्षभर आमच्यासारख्याच एका गावातून काम करते आहे, आणि त्या कामात आजवर एकही चूक सापडलेली नाही.’ कसं वाटलं? बाई का पुरुष तेसुद्धा नाही लिहिलं हं मी! शपथ म्हणजे शपथ.”

तिनं हेडफोन कानावर घट्ट दाबला.

“मॅडम? आहात ना?”

“पाठवलंत?”

“सकाळीच! का हो?”

“पगार विभागात किती माणसं आहेत असं वाटतं तुम्हाला?”

“किती म्हणजे... असतील की. एवढ्या सगळ्यांचे पगार निघतात. पंधरा? वीस?”

“मी आहे,” ती म्हणाली. “मी एकटी आहे.”

पलीकडे नुसतं बाळ रडत होतं. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, अगदी घसा फाटेपर्यंत ओरडायचं होतं, की तुला कुणी सांगितलं होतं रे शहाणपण! पण शब्द फुटायच्या आधीच स्क्रीनवर मोठ्या मॅडमचा कॉल आला. तिनं स्वेटर उतरवला. केस नीट केले. कॅमेरा लावला.

“बस बस,” मोठ्या मॅडम हसून म्हणाल्या. त्या कधीच चिडत नसत, आणि म्हणूनच त्यांची जास्त भीती वाटायची. “एक अर्ज आलाय. त्यात एक वाक्य आहे, मला काही उलगडा होईना. ही पगार विभागातली एक व्यक्ती कोण गं?”

तिनं मागचा पिवळा पडदा सारखा केला.

“अगं, कोण?”

“मॅडम, मी...”

“जरा लॅपटॉप उचल आणि मला खिडकीबाहेरचं दाखव.”

एवढं साधं काम, पण तिला तो लॅपटॉप उचलवेना. क्षणभर वाटलं, इंटरनेट गेलं म्हणावं, चक्कर आली म्हणावं. मग तिनं तो उचलला आणि फिरवला. पिवळा पडदा बाजूला सरला, गाद्यांचा ढीग आला, कोपऱ्यातला मोडका पंखा आला, आणि मग खिडकी. खिडकीत पत्र्यांची छपरं, वाळत घातलेले कपडे, त्यांच्यामागे कारखान्याची चिमणी.

“पुरे,” मोठ्या मॅडम म्हणाल्या. “ठेव खाली.”

तिनं सगळं सांगितलं. बाबा, छाती, मशीन, अर्ज उघडून मिटला ते. रडायचं नाही असं ठरवून रडली. मोठ्या मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकदा ‘अरेरे’सुद्धा म्हणाल्या.

“तुझं काम चोख आहे,” त्या म्हणाल्या. “त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.”

“मग मॅडम, काम चोख असेल तर...”

“काम चोख असण्याचा आणि दराचा काय संबंध? तू ह्या खात्यातली, तुला मी समजावू? नियम सगळ्यांना सारखाच आहे.”

स्वतःचंच वाक्य कानावर आल्यावर तिला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

“नोकरी जात नाहीये तुझी, ते मी बघते. पण वर्षभराचा फरक पगारातून वळता होईल, हळूहळू करू. आणि त्या लोकांच्या अर्जाला नकार कळवायचाय, मजकूर तू लिही, तुला सवय आहे. तुझा पत्ताही आजच बदलून टाक.”

“मी?”

“दुसरं कोण आहे तिथे?”

कॉल संपला. कॅमेरा बंद होता तरी ती कितीतरी वेळ तशीच ताठ बसून राहिली. मग तिनं नकाराचं पत्र लिहिलं, तीस जणांच्या नावानं, तक्रारवाल्याचं नाव सगळ्यात वर. खाली लिहिलं, पगार विभाग. मग पत्ता-बदलाचा अर्ज उघडला. नाव भरलं, ह्या घराचा नंबर भरला, गल्ली भरली. दराच्या रकान्यात शहरी होतं ते काढून गावचा केला. संगणकानं विचारलं, नक्की? तिनं हो म्हटलं. शेकडो वेळा केलेलं काम, बोटांना सगळं पाठ होतं. एकही चूक झाली नाही.

ती खाली आली. बाबा उशीला टेकून बसले होते, नवी नळी नाकात होती. वरचं रडणं त्यांनी ऐकलं असावं, कारण तिनं काही बोलायच्या आधीच त्यांनी हात पुढे केला.

“काय झालं पोरी?”

ती त्यांच्यापाशी बसली. आजवर त्यांच्यापासून काय काय लपवलं ते तिला आता सांगायचं होतं, पण सुरुवात कुठून करावी कळेना.

“बाबा, माझा पगार कापला. निम्मा झाला.”

बाबा संतापले. एवढ्याशा छातीत कुठून तेवढा राग आला कोण जाणे. नळी ओढत ते उठायला लागले, “कुणी? कुणी कापला? कोण आहे तो हरामखोर, नाव सांग मला!”

“मी, बाबा,” ती म्हणाली. “मीच कापला.”